गाळा भाड्याने देता-घेताना: वायरिंगची तपासणी कुणी, कधी आणि कशी करायची

दुकानाचा गाळा किंवा ऑफिस भाड्याने देताना डिपॉझिट, भाडेवाढ, लॉक-इन यांवर तासन् तास चर्चा होते. वायरिंगबद्दल करारात बहुधा एकच ओळ असते: ‘विजेचे बिल भाडेकरू भरेल.’ पुढे डीबीतून (वीज वेगवेगळ्या सर्किटांत वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातून) धूर निघाला की मालक म्हणतो, ‘एसी तुम्ही लावलात,’ आणि भाडेकरू म्हणतो, ‘वायर तुमची जुनी.’ दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, म्हणून भांडण मिटत नाही.

कायद्याचं सूत्र तसं साधं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार (आधी २०१०चे, आता २०२३चे) ग्राहकाच्या जागेतली पुरवठादाराची सामग्री सुरक्षित ठेवणं हे पुरवठादाराचं काम, आणि ज्याच्या ताब्यात जी मांडणी आहे ती सुरक्षित ठेवणं हे त्या ग्राहकाचं. बिलावर नाव कुणाचं यापेक्षा ताबा कुणाचा, हा प्रश्न मोठा. मात्र मीटर मालकाच्या नावावर असेल तर कागदोपत्री ग्राहक मालकच राहतो, म्हणजे ‘गाळा दिला, आता माझा संबंध नाही’ असं म्हणून त्याला सुटता येत नाही.

रेषा कुठे ओढायची

मीटर आणि त्याच्या अलीकडची केबल, कटआउट ही वीज कंपनीची. मीटर रूम, इमारतीचे रायझर (मजल्यांवर वीज नेणाऱ्या उभ्या केबल) आणि सामाईक अर्थ पिट (अर्थिंगचा इलेक्ट्रोड पुरलेला खड्डा) सोसायटीचे किंवा इमारतमालकाचे. मीटरपासून गाळ्यातल्या डीबीपर्यंतची वायर, डीबी आणि ताबा देताना भिंतीत असलेली वायरिंग गाळामालकाची. भाडेकरूने नंतर जोडलेलं सगळं भाडेकरूचं: एसीची लाइन, बाहेरचा पाटी-बोर्ड, फॉल्स सीलिंगमधले दिवे, डीप फ्रीझर, यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड.

वाद होतो तो डीबीवर. मालकाच्या डीबीत भाडेकरूच्या वायरमनने चार एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडून वीज तोडणारे स्विच) वाढवले की तो नक्की कुणाचा? करारातच लिहून टाका: ‘मुख्य स्विच आणि डीबीतला कोणताही बदल मालकाच्या लेखी संमतीने, परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, आणि बदलानंतरच्या चाचणी अहवालासह.’ बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं सोडलं तर मांडणीचं काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायचं असतं. कोपऱ्यावरचा ‘लाइटवाला’ त्यात बसेलच असं नाही. परवाना क्रमांक मागा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, उलट काही ठरलं नसेल तर जागा दुरुस्त ठेवणं मालकावर आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने हात हलवला नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या भागापर्यंतच. लिव्ह अँड लायसन्सवर बसलेला परवानाधारक म्हणजे भाडेकरू नव्हे, त्यामुळे त्याने या कलमावर विसंबू नये. आजकालचे बहुतेक गाळे तसेच दिले जातात, म्हणून करारातली भाषाच सगळं ठरवते.

किल्ली देण्याआधीची चाचणी

ही चाचणी मालकाने, स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी, आणि अहवाल कराराला परिशिष्ट म्हणून जोडावा. एक कोरी सुरुवात मिळाली की नंतर काय कुणी बिघडवलं ते कळतं. लहान गाळ्याला अर्धा दिवस पुरतो.

आधी वीज बंद, टेस्टरने खात्री. मग अर्थ कंटिन्युइटी: प्रत्येक थ्री-पिन सॉकेटच्या अर्थ पिनपासून मुख्य अर्थ पट्टीपर्यंत रोध १ ओहमच्या आत यायला हवा. नुसतं टेस्टर पेटून काही सिद्ध होत नाही. अर्थ पिनला वायर लावलेली दिसते आणि ती मागे कुठेच जात नाही, हे जुन्या गाळ्यांत सर्रास आढळतं.

पुढे मेगर, म्हणजे वायरीच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र. ५०० व्होल्ट डीसीवर फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, प्रत्येक सर्किट वेगळं. किमान १ मेगाओहम. आधी एलईडी ड्रायव्हर, सर्ज अरेस्टर, यूपीएस, एसी यांची जोडणी काढा, नाहीतर एकतर आकडा खोटा येतो किंवा ५०० व्होल्टने कार्डच उडतं. रीडिंग ०.३-०.४ आलं तर सर्किटचे तुकडे करत जा. पावसाळ्यात दोषी बहुतेक वेळा बाहेरचा बोर्ड किंवा ओल आलेली भिंत असते.

तिसरी गोष्ट आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे प्रवाह गळू लागला की पडून वीज तोडणारा स्विच. बटण दाबलं की पडतो, एवढं पुरेसं नाही. बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही. चाचणीच्या मीटरने तपासताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ मिलिअँपिअरला पडू नये, ३०ला ३०० मिलिसेकंदांत आणि १५०ला ४० मिलिसेकंदांत पडावा.

आरसीसीबी असलाच पाहिजे, याचं कारण हिशेबात आहे. सी-कर्व्ह १६ अँपिअरचा एमसीबी खात्रीने लगेच पडायला त्याच्या दहापट, म्हणजे १६० अँपिअर लागतात. त्यासाठी फॉल्ट लूपचा (बिघाडाचा प्रवाह अर्थिंगवाटे परत जातो त्या पूर्ण वाटेचा) रोध २३० भागिले १६०, म्हणजे साधारण १.४ ओहमच्या आत हवा. केवळ पिटवर अवलंबून असलेल्या ५ ओहमच्या लूपमध्ये प्रवाह जेमतेम ४६ अँपिअर होतो. एमसीबी काही सेकंद शांत बसतो आणि फ्रिजची पत्र्याची बॉडी तोवर जिवंत राहते.

पिटचा रोध वेगळ्या अर्थ टेस्टरनेच मोजा आणि आकडा तारखेसह लिहा. थ्री-फेज जोडणी असेल तर कंपनीच्या अर्थ टर्मिनलशिवाय ग्राहकाचा स्वतःचा स्वतंत्र इलेक्ट्रोडही हवा. तो नाही, असं बऱ्याच गाळ्यांत अर्थ टेस्टर काढल्यावरच लक्षात येतं.

अहवालात ठेकेदाराचा परवाना क्रमांक, चाचणीच्या मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि सर्किटनिहाय रीडिंग हवीत. ‘सर्व वायरिंग ठीक आहे’ एवढ्या ओळीचा कागद परत पाठवा.

भाडेकरूने जोडायच्या आधी

पहिलं काम: वीजबिलावरचा मंजूर भार आणि वर्गवारी पाहा. घरगुती जोडणीवर दुकान चालवलं तर विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि बिल येतं ते मालकाच्या नावावर.

दुसरं, एसी कधीही दिव्यांच्या सर्किटवर नको. दिव्यांची १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर पाइपमधून साधारण १५ अँपिअर झेपवते. एमसीबी सारखा पडतो म्हणून वायरमन १६चा काढून ३२चा बसवतो, आणि तक्रार थांबते. खरं तर थांबतो तो इशारा. आता तापते ती वायर. दीड टनाच्या एसीला डीबीपासून स्वतंत्र ४ चौरस मिमी वायर घ्यावी.

आरसीसीबी सारखा पडत असेल तर त्याला बायपास करणं हा गुन्हाच समजा. बहुधा दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेले असतात, किंवा न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो. न्यूट्रल लिंक (डीबीतली न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) सोडून एकेक वायर मेगर केली की दोष सापडतो.

वेळापत्रक

आरसीसीबीचं बटण महिन्यातून एकदा भाडेकरूने दाबायचं, पहिल्या तारखेला, भाडं भरताना. मे महिन्यात बाहेरचा बोर्ड आणि त्याची केबल पाहायची. वर्षातून एकदा डीबीचे स्क्रू घट्ट करायचे, जुनी ॲल्युमिनियम वायर असेल तर सहा महिन्यांनी. मालकाकडे मुख्य पॅनल, पिट आणि पूर्ण चाचणी: भाडेकरू बदलताना, आणि कुठल्याही परिस्थितीत पाच वर्षांच्या आत. राज्याने अधिसूचित केलेल्या व्होल्टेजपर्यंतच्या जोडणीत विद्युत निरीक्षक दारी येईलच असं नाही. तिथे तपासून स्वतः प्रमाणित करणं मालकाचं किंवा ग्राहकाचं काम आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, तिथे परवानाधारक संस्थेचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. कायदा मालक ‘किंवा’ भोगवटादार म्हणतो, म्हणून ते कोण देणार हेही करारात नेमून टाका. वायरिंगची चाचणी त्याने भागत नाही.

विजेमुळे माणूस दगावला तर विद्युत निरीक्षकाला २४ तासांत कळवावं लागतं. तोपर्यंत डीबीला हात लावू नका, जळालेली वायर काढू नका.

गाळा सोडताना मेगर पुन्हा लावा आणि रीडिंग पहिल्या अहवालाशेजारी ठेवा. भाडेकरूने एसीची लाइन काढून न्यायची असेल तर वायरची टोकं डीबीतूनच सोडवायची, एमसीबीची रिकामी जागा ब्लँकने झाकायची. भिंतीत लोंबणारी टोकं दिसली तर डिपॉझिट त्या दिवशी परत करू नका.