सीएसआरमध्ये यायचंय? आधी 31 मार्च आणि मृग या दोन तारखांचं नातं समजून घ्या

दर वर्षी एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या मास्टर्सचा) निकाल लागला की मेसेज सुरू होतात, ताई सीएसआरमध्ये (म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या विभागात) यायचंय, आधी एनजीओत जाऊ की डायरेक्ट कंपनीत? मी दोन्हीकडे काम केलंय. आधी सहा वर्षं जालना जिल्ह्यात एका संस्थेत फील्डवर होते आणि 2021 च्या शेवटी पुण्यात एका कंपनीच्या सीएसआर टीममध्ये आले. आधी पैसे मागायला जायचे, आता देणाऱ्यांच्या बाजूनं बसते. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा सगळं इथेच एकदा सांगते, थोडं लांब होईल.

कायद्याचं पहिल्यांदा, कारण इंटरव्ह्यूत हे विचारतातच. कंपनी कायदा 2013, कलम 135, लागू झालं 1 एप्रिल 2014 पासून. नेटवर्थ 500 कोटी, टर्नओव्हर 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी बसलं तरी कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कोणत्या कामावर करता येतात ते शेड्यूल सातमध्ये आहे, दोन पानं आहेत, वाचून काढा. राजकीय पक्षाला देणगी यात बसत नाही, स्वतःच्या मालाची जाहिरात होईल अशी स्पॉन्सरशिपही बसत नाही.

आता मी जिथं शिकले ते सांगते.

2018 चा फेब्रुवारी. आमच्या संस्थेला एका कंपनीतून फोन आला की आमच्याकडं काही रक्कम शिल्लक आहे, 31 मार्चच्या आत खर्च व्हायला पाहिजे, पाण्याचं काही काम आहे का. काम होतं ना. आमच्या एका गावात पाझर तलाव गाळानं निम्मा भरलेला, गाव दोन वर्षं मागं लागलेलं. तेव्हा गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना सुरू होऊन वर्ष होत आलं होतं, तोच हिशोब आम्ही धरला, पोकलेन आणि डिझेल कंपनीचं, गाळ वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचा. आम्ही लगेच हो म्हणालो, आठ दिवसांत प्रपोजल, एमओयू म्हणजे करार, सगळं झालं, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मशीन तलावावर उभं राहिलं.

पण मार्चमध्ये गावात काय चालू असतं? हरभरा, ज्वारी, गव्हाची काढणी. गावातले सगळे ट्रॅक्टर शेतात किंवा मोंढ्याच्या रस्त्यावर. तलावाच्या मधल्या भागात अजून पाणी होतं, म्हणजे जिथं खरा गाळ तिथं मशीन जाऊच शकत नव्हतं. मशीनचे तास तर भरायचे होते, मग कडेकडेनं खोदलं आणि उचलायला ट्रॉल्या नाहीत म्हणून गाळ काठावरच टाकत गेलो. 28 मार्चला फोटो काढले, बिलं लावली, रिपोर्ट छान झाला. जूनच्या पहिल्या दोन मोठ्या पावसांत काठावरचा बराचसा गाळ परत तलावात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि 2019 चा उन्हाळा मराठवाड्यानं टँकरवर आणि चारा छावण्यांवर काढला. तलाव नीट उपसला असता तर दुष्काळ टळला असता असं मी म्हणणार नाही, पाऊसच नव्हता. पण ज्यांनी आमच्यावर विश्वास ठेवून ठराव दिला होता त्यांच्यासमोर त्या उन्हाळ्यात उभं राहणं मला फार जड गेलं. फेब्रुवारीत आलेल्या फोनला "एप्रिलपर्यंत थांबता येईल का" एवढं विचारायला पाहिजे होतं, आणि ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही, पैसे हातचे जातील या भीतीनं.

कंपनीचं वर्ष 31 मार्चला संपतं. गावाचं काम गुढीपाडव्यानंतर सुरू होतं आणि मृगाच्या आत, म्हणजे 7 जूनच्या आसपास, संपवावं लागतं. या दोन कॅलेंडरांच्या मध्ये जी खिंड आहे तिथं सीएसआरची निम्मी कामं अडकून खराब होतात, आणि ती जोडून देणं हेच तुमचं काम आहे, मग तुम्ही कोणत्याही बाजूला नोकरी करा.

बरं, हे जोडता येतं. 2018 मध्ये तर खर्च झाला नाही तर का झाला नाही हे बोर्डाच्या अहवालात लिहायचं, एवढंच बंधन होतं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. जानेवारी 2021 मध्ये नियम बदलले आणि कडक झाले, पण त्यातच एक चांगली वाट आहे. एका वर्षाच्या पुढं जाणारं काम बोर्डानं "ऑनगोइंग प्रोजेक्ट" म्हणून मंजूर केलं तर त्याची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर 30 दिवसांत, म्हणजे 30 एप्रिलपर्यंत, वेगळ्या अनस्पेंट सीएसआर खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच कामावर वापरायची. ऑनगोइंग नसेल तर शिल्लक रक्कम सहा महिन्यांत शेड्यूल सातमधल्या सरकारी फंडात जमा करावी लागते, आणि ते केलं नाही तर कंपनीला दंड. आणि हे नीट लक्षात ठेवा, 30 मार्चला संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला असं होत नाही, संस्थेनं ते खरंच वापरले पाहिजेत आणि कंपनीच्या सीएफओला, म्हणजे वित्तप्रमुखाला, तसं सर्टिफाय करावं लागतं. म्हणजे मार्चएंडची ती धावपळ आता कायद्याच्या दृष्टीनंही फारशी उपयोगाची राहिलेली नाही, तरी फोन येतातच.

कंपनीत आल्यावर मी पहिलं हेच धरून बसले. अशाच एका तलावाचं काम आलं तेव्हा डिसेंबरमध्ये सर्व्हे, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव, जलसंधारण विभागाची परवानगी, कोण किती ट्रॉल्या नेणार त्याची सह्यांसकट यादी, एवढंच मार्चपर्यंत. बोर्डाकडून ऑनगोइंग म्हणून मंजुरी मार्चच्या मीटिंगमध्ये घेतली (त्यासाठी फायनान्सच्या साहेबांना तीनदा समजवावं लागलं, पण ते शेवटी तलाव बघायला स्वतः आले). मशीन उतरलं एप्रिलच्या शेवटी, तळ पूर्ण कोरडा, ट्रॅक्टर मोकळे. मुरूम लागला की मशीन थांबवायचं हे ठरावातच लिहून घेतलं होतं, कारण गाळाच्या नावाखाली मुरूम उचलून विकायला लोक टपलेले असतात आणि मग संस्थेचं, कंपनीचं, सरपंचाचं सगळ्यांचंच नाव खराब होतं.

दुसरी गोष्ट पगाराची. नव्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की अ‍ॅडमिन खर्च 5 टक्क्यांच्या वर चालत नाही म्हणून संस्थेनं कार्यकर्त्याचा पगारही त्यातच बसवायचा. नाही. ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रोजेक्टच्या आखणीचा, अंमलबजावणीचा, देखरेखीचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे तलावावर दोन महिने उन्हात उभं राहून लॉगबुक भरणाऱ्या पोराचा पगार हा प्रोजेक्टचा खर्च आहे. मी पहिल्या नोकरीत 12 हजारांवर काम केलं आणि त्यातले तीन महिने पगार उशिरा झाला कारण बजेटमध्ये माणूस कुठं धरलाच नव्हता, सगळं मशीनवर. आता माझ्याकडं प्रपोजल आलं आणि त्यात माणसांची ओळ दिसली नाही की मी परत पाठवते, लिहा म्हणते. संस्थेत असाल तर संकोच न करता लिहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. संस्थेला 12ए आणि 80जी (आयकर खात्याकडची नोंदणी) लागतं, सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो (1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा), अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आणि महाराष्ट्रात एक गोष्ट हमखास नडते ती म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत कळवायचं असतं, संस्था कळवत नाहीत किंवा अर्ज पेंडिंग राहतो, आणि मग कंपनीची ड्यू डिलिजन्सवाली, म्हणजे संस्थेची कागदपत्रं तपासणारी, टीम परिशिष्ट एकचा उतारा (विश्वस्तांची नावं असलेली अधिकृत नोंद) मागते तेव्हा त्यावर वारलेल्या माणसांची नावं निघतात. आमचंच एक चांगलं काम यामुळं चार महिने अडकलं होतं. संस्थेत जॉइन झालात की पहिल्या आठवड्यात हा उतारा मागून वाचा, कुणी सांगायची वाट बघू नका.

शिक्षणाचं विचारता म्हणून. टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), मग ते मुंबई असो की तुळजापूर, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन, कुठूनही समाजकार्यात मास्टर्स केलं तरी चालतं, बीकॉमवाली मुलंही या कामात फार चांगली असतात कारण त्यांना हिशोब वाचता येतो. पण माझं ठाम मत आहे, पहिली दोन वर्षं गावात किंवा वस्तीत काढा. कंपनीत आधी गेलात तर एक्सेलमध्ये "लाभार्थी 340" दिसतं आणि ते 340 कोण हे कधीच कळत नाही. पगार कमी मिळेल हे खरं आहे, घरी बोलणी बसतील हेही खरं, ज्यांच्यावर घर चालतं त्यांनी सरळ कंपनीत जा आणि महिन्यातले चार दिवस तरी फील्डवर मागून घ्या, इंटरव्ह्यूतच मागा.

आणि कंपनीतल्यांनो, व्हॉलंटियरिंगसाठी मे महिन्यात झाडं लावायला स्टाफ घेऊन येऊ नका हो, जुलैत या. रोपं मरतात आणि पाणी घालायला गावातल्या बायकाच राहतात.

काम संपल्यावर कंपनीला युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कुठं वापरले त्याचा दाखला, जातंच. तोच हिशोब 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेतही वाचा, मशीनचे तास, डिझेल, कुणाच्या शेतात किती ट्रॉल्या. आम्ही त्या दुसऱ्या तलावाचा वाचला तेव्हा मागं बसलेल्या एक आजी उठल्या, म्हणाल्या माझ्या नावावर अकरा लिहिल्यात, माझ्या रानात नऊच आल्या. लॉगबुक काढलं, तारखा जुळवल्या, दोन ट्रॉल्या शेजारच्या बांधाला उतरल्या होत्या. तिथल्या तिथं खोडून नऊ केलं, आजींचा अंगठा घेतला आणि तोच कागद कंपनीच्या फाइलला लावला.