बूट नंतर, आधी वही

बडोद्याच्या मॅरेथॉनमध्ये एखाद्या संस्थेसाठी पैसे गोळा करून धावायचं ठरवलं असेल, तर बुटांच्या आधी दोनशे पानी वही आणा. तिच्यात पाच रकाने पाडा: पॅनकार्डावर आहे तसं नाव, पूर्ण पत्ता, पॅन नंबर, रक्कम, आणि पैसे कसे दिले ते. मागच्या वेळी मी ४२.१९५ किलोमीटर धावले, पण ही वही केली नाही. धावणं एका सकाळीत संपलं, पावत्यांचा घोळ जूनपर्यंत निस्तरत होते.

संस्था निवडताना ८०जी नोंदणी, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, आहे का हे नुसतं तोंडी विचारू नका. पत्र मागून घ्या आणि त्यावरची मुदत वाचा. पैसे नेमके कशाला लागणार तेही लिहून घ्या, मागायला गेलात की प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे मागणार असाल तर एक लक्षात ठेवा: ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या संस्थेला घेताच येत नाहीत. भारतीय पासपोर्ट असेल तर ती अडचण नाही. आणि स्पर्धेची प्रवेश फी स्वतःच्या खिशातून भरा, देणगीतून नाही. लोकांना तसं आधीच सांगा.

आता मुख्य गोष्ट. एक रुपयाही स्वतःच्या खात्यात घेऊ नका. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एक काका आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांनी पाचशेच्या दहा नोटा वर्तमानपत्राच्या तुकड्यात दुमडून माझ्या हातात ठेवल्या. "पळ गं तू, आम्ही आहोत," म्हणाले. मी त्या घेतल्या, इतरांचे माझ्या यूपीआयवर आलेले पैसे त्यात मिळवले आणि सगळी रक्कम माझ्या खात्यातून संस्थेला एकदम पाठवली. झालं! संस्थेच्या दप्तरी दाता एकच, मी. जूनमध्ये काका रिटर्नची फाइल काखेत मारून आले: "पावती आली का गं?" दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत मिळतच नाही, हे मला तेव्हा कळलं. काका काही बोलले नाहीत, फाइलची नाडी पुन्हा बांधत बसले. ती नाडी अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हा पैसे थेट संस्थेच्या खात्यात, आणि पॅन त्याच क्षणी. "नंतर पाठवतो" म्हणणारा नंतर पाठवत नाही. समोर उभं राहून वहीत लिहून घ्या. कुणी नव्या करप्रणालीत असेल तर त्याला ८०जीची वजावट मिळत नाही, पण पॅन त्याच्याकडूनही घ्या. तेवढ्यासाठी वहीत जागा रिकामी ठेवू नका.

सरावाला निदान चार-पाच महिने हवेत, तेही आधी दहा किलोमीटर सहज धावता येत असतील तरच. नाहीतर अर्ध्या मॅरेथॉनला नाव द्या, देणारे तेवढ्यावरही देतात. आठवड्यातून एकदा लांब पल्ला, तो हळूहळू वाढवत तीसेक किलोमीटरपर्यंत न्यायचा, आणि शेवटचा मोठा पल्ला स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. मी सूरसागर तलावाला फेरी मारून काळा घोड्यावरून कमाटीबागेत शिरायचे. बागेत सावली आहे आणि पहाटे वाहनांचा त्रास नाही. उत्तरायणानंतरचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतरचे, आठ-दहा दिवस मात्र फार जपून. झाडांवरून, खांबांवरून मांजा गळ्याच्या उंचीवर लोंबत असतो आणि पहाटेच्या अंधारात अजिबात दिसत नाही. उजाडल्यावरच निघा. गुडघा किंवा पोटरी सलग तीन दिवस दुखली तर डॉक्टरांकडे जा, वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका.

लांब पल्ल्याच्या दिवशी बरोबरच्यांना वहीची आठवण करा. मी करते.

स्पर्धेचा आठवडा. नवे बूट नकोत, नवे मोजेही नकोत. आदल्या रात्री सेव-उसळ नाही, साधा वरणभात. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, वेळेत आणा, सेफ्टी पिना चार. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन. खजूर, मीठ-साखरेचं पाणी. नुसतं पाणी ढोसत सुटू नका, त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस कोसळतो. सुरुवात हळू करा. ऊन चढायच्या आत जमेल तेवढं अंतर मागे टाका.

धावून झाल्यावर दोन दिवस झोपा. मग देणाऱ्यांना फोटो आणि एकूण रक्कम कळवा, वहीची नक्कल संस्थेला द्या आणि मार्च संपायच्या आत त्यांच्या यादीशी एकेक नाव ताडून बघा. पॅनचं एक अक्षर चुकलं तरी देणगीचं प्रमाणपत्र अडतं. ते आलं की स्वतः घरोघरी पोचवा, काकांसारख्यांना छापून.