पर्शियन मांजर आणण्याआधी चार दिवस तिचं करून बघा

फोटो बघून पर्शियनचं पिल्लू घरी येतं आणि केसांच्या गाठींनी सगळे हैराण होतात. त्यापेक्षा ओळखीतल्या कुणाकडे मोठी पर्शियन असेल, तर ते गावाला जाताना ‘मी बघते तिच्याकडे’ म्हणा. मांजर त्यांच्याच घरी राहू द्या, तुम्ही जा.

१. रोज कंगवा फिरवा. पाठ सोपी असते हो. खऱ्या गाठी काखेत, कानामागे आणि पोटाखाली होतात, तिथे बोटं घालून बघा.
२. डोळ्यांतून पाणी गळून नाकाच्या कडेला तपकिरी डाग पडतात, ते ओल्या कापसाने पुसा.
३. लिटर बॉक्स, म्हणजे तिची शी-शूची पेटी, साफ करा.

चौथ्या दिवशीही कंगवा आनंदाने हातात घेतलात, तर खुशाल आणा. मात्र अगदी चपट्या नाकाचं, श्वास घेताना घरघरणारं पिल्लू घेऊ नका. उन्हाळ्यात त्याचे फार हाल होतात.