घसाऱ्यावर टिकणारी सॉफ्टशेल पँट कशी निवडायची

सॉफ्टशेल पँट जाते ती बहुतेक वेळा चार जागी: बुडावर, गुडघ्यावर, दोन पायांच्या सांध्यात आणि घोट्याच्या आतल्या बाजूला. दुकानात मात्र हात फिरवला जातो मांडीच्या कापडावर, जिथे सहसा काहीच होत नाही. त्यामुळे पँट हातात आली की आधी ती उलटी करा आणि या चार जागा आतून बघा. रंग, खिसे, ब्रँड हे नंतर.

सॉफ्टशेल म्हणजे घट्ट विणीचं, ताणलं जाणारं कृत्रिम धाग्याचं कापड. त्यावर पाणी ओघळून जावं म्हणून पातळ लेप दिलेला असतो. वारा बऱ्यापैकी अडतो, घाम बाहेर जातो, दव आणि भुरभुर पाऊस निभावतो. पण ती रेनपँट नव्हे. धो धो पावसात ती भिजणारच, आणि जाड असेल तर भिजल्यावर जड होऊन दिवसभर पायाला चिकटून बसणार. जुलैत माहुली किंवा कळसूबाईला जायचं असेल तर सॉफ्टशेल घरी ठेवा; पातळ, झटकन वाळणारी साधी ट्रेक पँट बरी.

या नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या पँटी विकल्या जातात, आणि गल्लत इथेच होते. एक नुसत्या विणीची. दुसरी चिकटवलेली: बाहेर कापड, मध्ये वारा अडवणारा पडदा, आत मऊ फ्लीस. दुकानाच्या एसीत दुसरी हमखास जास्त दणकट वाटते. पण सह्याद्रीत पहिल्याच चढाला ती आतून घामाने ओली होते. शिवाय गोंद आणि पडदा आपल्या दमट हवेत, त्यातून पावसाळाभर माळ्यावरच्या बंद पिशवीत, हळूहळू खराब होतात आणि कापडाला फोड येऊन पापुद्रे सुटू लागतात. ओळखायचं कसं? कापडाला तोंड लावून जोरात फुंका. हवा अजिबात पलीकडे जात नसेल तर मध्ये पडदा आहे. हिवाळी बर्फात, थंड वाऱ्यात तासन्‌तास उभं राहायचं असेल तरच तिचा विचार करा. बाकी सगळ्यांनी विणीचीच घ्यावी.

आता लेबल. त्यावर ‘पॉलिअमाइड’ लिहिलं असेल तर ते नायलॉनच. घासण्याला नायलॉन पॉलिस्टरपेक्षा चांगलं तोंड देतं. पॉलिस्टर पाणी कमी धरतं, उन्हात कमी खराब होतं आणि स्वस्त पडतं. कातळावर आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, जाणाऱ्याने नायलॉन निवडावं. सोबत इलॅस्टेन, म्हणजे स्पँडेक्स, किती आहे ते पाहा. 5 ते 12 टक्के ठीक. 15 च्या पुढे गेलं की पँट टाइट्ससारखी वागते: हळू वाळते, काट्यात अडकते आणि लवकर सैल पडते. इलॅस्टेनचा धागा आत तुटला की गुडघ्याला जी पिशवी येते ती कितीही धुतली तरी जात नाही.

कापडाचं वजन ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये सांगतात. दिवाळी ते मार्च या काळातल्या सह्याद्रीतल्या भटकंतीला 140 ते 180 पुरतं. प्रस्तरारोहणासाठी किंवा हिमालयातल्या उन्हाळी ट्रेकसाठी 200 ते 250 बघा. त्याहून जाड कापड बर्फातल्या कामासाठी. हा आकडा लेबलवर बरेचदा नसतो. मग अख्ख्या पँटचं वजन विचारा: मधल्या मापाची पँट 300 ते 350 ग्रॅम असेल तर हलकी, 400 ते 500 असेल तर मध्यम, 600 च्या वर असेल तर जड. जाड म्हणजे टिकाऊ असं मात्र समजू नका. सैल विणीचं जाड कापड करवंदीच्या एका जाळीत दोरे सोडतं, आणि घट्ट विणीचं पातळ कापड त्याच जाळीतून साफ निघतं.

विणीची परीक्षा नखाने होते. कापडावरून नख आडवं ओढा. दोरा उचलला गेला किंवा बारीक फास दिसला तर पँट ठेवून द्या. पृष्ठभाग गुळगुळीत हवा, केसाळ नको. याचं कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळलेल्या गवतातून चाललेल्या कुणालाही विचारा: केसाळ कापडात कुसळं अशी रुततात की मुक्कामावर तासभर वेचत बसावं लागतं, आणि आत शिरलेलं टोक धुतल्यावरही टोचत राहतं.

शिवण आणि बेत

सांध्यातली पँट घासून फाटते कमी, उसवते जास्त. मापाला घट्ट असलेली पँट उंच पायरी घेताना सगळा ताण एका शिवणीवर टाकते आणि टाके सुटतात. म्हणून पँट उलटी केल्यावर दोन पायांच्या मध्ये पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलाय का ते बघा. त्याला गसेट म्हणतात. त्याने चार शिवणी एका बिंदूत येत नाहीत आणि ताण वाटला जातो. गसेट नसलेली पँट चढाईसाठी घेऊ नका, कापड कितीही चांगलं असो.

शिवणीचे दोन्ही काठ धरून आडवे ताणा. मध्ये शिडीसारखी फट पडून दोरा दिसला तर टाके विरळ आहेत. इंचाला साधारण 8 ते 10 टाके हवेत, आणि सांध्यात, बुडाच्या मध्यावर दुहेरी किंवा तिहेरी शिवण. खिशांच्या दोन्ही टोकांना आडव्या दाट टाक्यांची गाठ हवी. गुडघ्याला चुण्या किंवा वेगळा कापलेला तुकडा असेल तर पाय वाकवल्यावर कापड ओढलं जात नाही आणि पायाची कड पोटरीकडे सरकत नाही.

मग ट्रायल रूममध्ये हे करून बघा. पूर्ण उकिडवे बसा: मागून कंबर खाली सरकली, पाठ उघडी पडली तर कंबरेचा बेत कमी उंच आहे. एक पाय स्टुलावर, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटरवर ठेवून त्यावर उभे राहा. त्यानंतर गुडघा छातीकडे आणा. कुठेही ‘अडकलं’ असं वाटलं तर एक माप मोठं मागा किंवा दुसरं मॉडेल बघा. थंडीत आत थर्मल घालणार असाल तर थर्मल घालूनच माप घ्या. आणि सैलही फार नको; पोटरीला फडफडणारं कापड बर्फात क्रॅम्पॉनमध्ये, म्हणजे बुटाखाली बांधायच्या लोखंडी दात्यांत, अडकतं आणि इथे काट्यात.

बूड आणि गुडघ्यावर दुसरा थर असेल तर उत्तम. नाळेत, म्हणजे डोंगराच्या अरुंद, उभ्या घळीत, उतरताना घसाऱ्यावर बसून सरकणं कुणालाच टळत नाही, आणि आपला काळा बेसाल्ट खरवडतो तो सॅंडपेपरसारखा. हा वरचा थर कॉर्डुरासारख्या मजबूत नायलॉनचा असावा. पण तो ताणला जात नसेल तर त्याच्या कडेला, जिथे ताणणारं आणि न ताणणारं कापड भेटतं, तिथेच पुढे शिवण जाते. तुकडा जोडलेल्या जागी पँट ओढून पाहा: दोन्ही कापडं बरोबर यायला हवीत.

लिंगाणा किंवा अलंग-मदन-कुलंगसारख्या दोराच्या ट्रेकला हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कंबर-मांड्यांचा पट्टा, येतो, आणि त्याखाली कंबर सपाट हवी. जाड बेल्ट, मोठं बकल किंवा मोठी बटणं हार्नेसच्या पट्ट्याखाली दाबली जाऊन हाडाला लागतात. कंबरेतच आतून ओढायची सपाट पट्टी असलेली पँट बरी. बाजूचे खिसे हार्नेसखाली जवळपास बंद होतात, त्यामुळे मांडीवर चेन असलेला एक खिसा हवाच. चेन नायलॉनच्या गुंडाळीची असावी आणि एका हाताने, पँट अंगात असताना, सहज सरकायला हवी. अडखळणारी चेन धुळीने अजून बिघडते, सुधारत कधीच नाही.

उत्तरकाशीच्या निममध्ये किंवा दार्जिलिंगच्या एचएमआयमध्ये, म्हणजे गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थांमध्ये, कोर्सला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी जास्त बघाव्यात. घोट्याच्या आतल्या बाजूला जाड ठिगळ हवं, कारण क्रॅम्पॉनचे दात बरोबर तिथे लागतात. आणि पायाच्या कडेला बुटाच्या लेसमध्ये अडकवायचा हुक, म्हणजे बर्फ आत शिरत नाही. कोरडा बर्फ सॉफ्टशेलवरून झटकला जातो, पण ओल्या बर्फावर बसलात की पाणी आत येतंच. म्हणून पिशवीत हलकी रेनपँट असू द्या, पायात पूर्ण चेन असलेली. बूट न काढता चढवता येते.

टिकवायची असेल तर

चेन आणि बटणं बंद करून, उलटी करून, 30 अंशांच्या पाण्यात लिक्विड साबणाने धुवा. दोनदा खळबळा. कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका. त्याचा तवंग धाग्यावर बसतो आणि पाणी ओघळायचं थांबतं. ब्लीचमध्ये तर कधीच नाही, क्लोरीन इलॅस्टेन खाऊन टाकतं. पाणी कापडात मुरायला लागलं की लगेच लेप परत चढवायचा स्प्रे विकत आणू नका. बहुतेक वेळा लेप गेलेला नसतो, त्यावर घाम आणि तेल साचलेलं असतं. पँट धुऊन वाळवा, वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा (लेबलवर इस्त्रीला मनाई नसेल तर) आणि पाण्याचा थेंब टाकून बघा. गोळी होऊन घरंगळला तर काम झालं. पसरला तरच स्प्रे.

शेकोटीपासून चार हात लांब बसा. नायलॉन 220 ते 260 अंशांना वितळतं आणि ठिणगी त्याहून कितीतरी गरम असते. नवीन पँटला पहिल्याच मुक्कामावर पडणारं गोल, कडक कडेचं भोक ते हेच. भोक पडलंच, तर कडक झालेली कड कापा, आतून ठिगळ लावा, आणि ठिगळाचे कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरे धुताना उचलले जातात. ताणणाऱ्या जागेवर सुती दोऱ्याने शिवू नका. पॉलिस्टरचा दोरा आणि नागमोडी टाका वापरा, नाहीतर पहिल्याच उंच पायरीला ताड् करून तुटेल.