विकिपीडियावर गावाच्या लेखाचा वाद कसा मिटवावा

गावाच्या लेखात एक वाक्य कुणी घालतो, दुसरा काढतो, आणि हे आठवडाभर चालतं. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘प्रचालकांना कळवा’. तो ऐकू नका. प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेले सदस्य, फार तर पान काही दिवस सुरक्षित करतील, म्हणजे त्यात बदल करणं रोखतील. खरं कुणाचं हे ठरवणं त्यांचं काम नाही, आणि सुरक्षा उठली की तेच वाक्य परत येतं.

आधी उलटवणं, म्हणजे दुसऱ्याने केलेला बदल रद्द करणं, थांबवा. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर खात्यावर बंदी येऊ शकते. मराठीत लिहितानाही हीच शिस्त पाळा. लेखाला जोडलेल्या चर्चापानावर नवा विभाग काढून वादाचं वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि खाली सही करा.

लोकसंख्येवरून वाद असेल तर २०११ च्या जनगणनेतला गावाच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीचा आकडा घ्या, तालुक्याचा नाही. नामवंतांच्या यादीत स्वतंत्र लेख असलेलीच नावं ठेवा.

खरं अवघड असतं ते गावाच्या माहात्म्याचं वाक्य. वाईचं उदाहरण घ्या. पांडव अज्ञातवासात राहिले ती विराटनगरी म्हणजे वाई, अशी तिथली आख्यायिका आहे. राजस्थानातलं बैराट आणि कर्नाटकातलं हानगल यांच्याबद्दलही हेच सांगतात. ‘दक्षिण काशी’ तर वाईलाही म्हणतात, पैठणलाही आणि कोल्हापूरलाही.

माझ्या आजोळच्या गावाच्या लेखात असंच एक वाक्य होतं. संदर्भ नाही म्हणून मी ते पुसायचो. नियमाला धरूनच होतं, पण दुसऱ्या दिवशी वाक्य परत यायचं आणि चर्चापानावर ‘तुम्ही गावचे नाही, तुम्हाला काय कळणार’ असं उत्तर मिळायचं. दोन महिने यात गेले. चूक माझी होती. गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट हीसुद्धा गावाबद्दलची माहितीच असते. ती पुसायची नसते, तिच्या जागी ठेवायची असते.

म्हणून वाक्यात सांगणारा कोण ते लिहा. ‘वाई ही महाभारतातील विराटनगरी होय’ असं नको. ‘वाई म्हणजेच विराटनगरी अशी स्थानिक आख्यायिका आहे, अभ्यासक मात्र विराटाच्या मत्स्य देशाची राजधानी सामान्यतः राजस्थानातील बैराट येथे मानतात’ असं लिहा. दोन्ही भागांना वेगवेगळे संदर्भ द्या आणि वाक्य ‘इतिहास’ या मथळ्याखाली न ठेवता ‘आख्यायिका’ या मथळ्याखाली न्या. नुसतं ‘असे मानले जाते’ कधीही लिहू नका. कोण मानतं हे त्यातून कळत नाही आणि भांडण तिथूनच पुन्हा सुरू होतं. वाईजवळ वैराटगड आहे म्हणून वाई हीच विराटनगरी, असा तर्क तुम्ही स्वतः लढवलात तर ते ‘मूळ संशोधन’ झालं, म्हणजे कुठेही न छापलेला तुमचा स्वतःचा निष्कर्ष. विकिपीडियावर ते चालत नाही.

संदर्भ घेताना गावच्या स्मरणिकांपासून सावध राहा. एका स्मरणिकेवर मी वर्षभर विसंबून होतो. नंतर कळलं, तिच्यातला परिच्छेद आमच्याच लेखातून उतरवलेला होता. लेखाचा संपादन इतिहास, म्हणजे त्यात झालेल्या बदलांची यादी, उघडून वाक्य पहिल्यांदा कोणत्या तारखेला आलं ते पाहा. छापील मजकूर त्यानंतरचा असेल आणि शब्दही तेच असतील तर तो संदर्भ बाद. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सातारा खंड १८८५ चा आहे, तिथे ही अडचण येत नाही. पण गॅझेटिअरने नोंदवलेली आख्यायिकाही आख्यायिकाच राहते, छापली म्हणून तिचा इतिहास होत नाही. मराठी विश्वकोशातल्या नोंदीही पाहा. त्याचं कार्यालय वाईतच आहे.

नवं वाक्य आधी चर्चापानावर मांडा, आठवडाभर थांबा, मगच लेखात घाला आणि संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या छोट्या नोंदीत, चर्चेचा उल्लेख करा. तरीही जमलं नाही तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सगळ्यांसाठीच्या चर्चेच्या पानावर, विचारा.

समोरच्याच्या सदस्य चर्चापानावर स्वतंत्र निरोपही ठेवा आणि गावाचे फोटो मागा. गावासाठी इतकं भांडणाऱ्याकडे नदीच्या घाटाचे, पडलेल्या वाड्यांचे फोटो बहुधा असतात. मला ‘तुम्ही गावचे नाही’ म्हणणाऱ्यानेच पुढे अकरा फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर, चढवले. त्यातले दोन वाडे आता उभे नाहीत.