वर्गात आरक्षणाचा विषय निघाला की काय करायचं

अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या लिस्ट लागल्या की एखादा बोलतोच, "सर, त्यांना कमी मार्कांत मिळतं, आम्ही काय पाप केलंय?" आणि वर्ग गप्प, दोन-चार जण मान वळवून मागच्या बाकाकडे बघतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी "चला, पुस्तक काढा" म्हणून मोकळा झालो. चुकलंच. तो विषय मग मधल्या सुट्टीत गेला, तिथे कोण सर असतात?

आता मी आधी तो "त्यांना" शब्द पकडतो. सरळ सांगतो, आडनाव कुणाचंच घ्यायचं नाही, बोलायचं ते नियमावर. आपल्याकडे आडनावावरूनच सगळे अंदाज बांधतात त्यामुळे हे फार कडक ठेवावं लागतं. आणि मागच्या बाकावरच्याला "तू सांग बरं तुला काय वाटतं" असं चुकूनही विचारू नका, तो शिकायला आलाय, समाजाची बाजू मांडायला नाही. जातीचं नाव शिवीसारखं आलं तर चर्चा तिथेच बंद, त्या मुलाशी नंतर एकट्यात बोला, पण वर्गासमोर "हे चालणार नाही" एवढं लगेच म्हणाच.

मग चिठ्ठ्या. नाव न लिहिता प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा, आपण आधी वाचून घ्यायच्या (हे विसरू नका, एकदा न वाचता उघडली आणि फसलो). बरेच प्रश्न रागाचे नसतातच, माहितीचे असतात. ओपनच्या जागा ठरावीक जातींसाठी राखीव असतात असं कित्येकांना वाटतं, त्या मेरिटवर कुणालाही मिळू शकतात हे ऐकून पोरं चकित होतात.

मला सगळ्यात उपयोगी पडतो तो शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम. कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना. फळ्यावर एवढंच लिहायचं आणि विचारायचं, यात मागासलेले कोण कोण होते? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे, म्हणजे मराठेसुद्धा. इथे वर्गातलं "आम्ही" आणि "ते" जरा हलतं, आणि मग खरे प्रश्न यायला लागतात.

तासात संपत नाही हे धरूनच चला. "उद्या बोलू" म्हणालात तर उद्या पहिली दहा मिनिटं खरंच द्या. आणि हेडसरांना त्याच दिवशी सांगून ठेवा, कारण संध्याकाळी एखाद्या पालकाचा फोन येतोच.