पैलकाठचा महजर: काल्पनिक आकाशगंगेतल्या सीमाप्रांताचा इतिहास कसा रचायचा

मी पोटापाण्यासाठी मोडी कागद वाचते. बहुतेक कागद वतनाचे, इनामाचे, शिवेच्या भांडणाचे. शिवाय दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहिते. आकाशगंगेच्या कडेचा एखादा दूरचा प्रांत कथेसाठी उभा करायचा असेल, तर मी राजांची सनावळी मांडत बसत नाही. मी एक तंटा शोधते. सीमेवरच्या मुलखात इतिहास कुणी हौसेनं लिहीत नाही. जमीन कुणाची, आधी कोण आलं, सारा कुणी माफ केला यावरून वाद पेटला की मगच जुन्या आठवणी कागदावर येतात. त्या वादाचा एक कागद, म्हणजे निवाड्याचा महजर, नीट रचला, तर प्रांताचा सगळा भूतकाळ त्यात मावतो. माझ्या 'पैलकाठ' नावाच्या प्रांतावरून ही रीत सांगते.

आधी डाक किती दिवसांची ते ठरवा

राजधानीपासून प्रांतापर्यंतचं अंतर लिहून काढा. आपल्या आकाशगंगेची तबकडी साधारण १ लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. हे माप डोळ्यांपुढे असू द्या. माझी राजधानी केंद्रापासून २०,००० प्रकाशवर्षांवर, पैलकाठ त्याच बाजूला ४५,००० वर. मधलं अंतर २५,०००. प्रकाशाच्या वेगानं असं राज्य चालणं शक्य नाही, म्हणून कथेपुरता नियम केला: जहाज वर्षाला १०,००० प्रकाशवर्षं कापतं आणि जहाजाशिवाय निरोप जात नाही. म्हणजे हुकूम पोचायला अडीच वर्षं, उलट टपालासकट पाच.

एवढं ठरलं की कारभार कसा असेल ते दिसू लागतं. पोर्तुगीज गोव्याकडे बघा. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलात निघत आणि पावसाळा सरताना गोव्याला लागत. व्हाइसरॉयची मुदत बहुधा तीन वर्षांची, म्हणजे एका पत्राचं उत्तर मिळेपर्यंत त्याची निम्मी कारकीर्द संपलेली. डिसेंबर १६४० मध्ये लिस्बनला स्पेनच्या राजाची सत्ता झुगारून नवा राजा गादीवर बसला. गोव्यात त्याच्या नावाची द्वाही फिरली ती १६४१ च्या सप्टेंबरात. मधल्या काळात गोव्याचा कारभार पदच्युत राजाच्या नावानं चालला होता.

पैलकाठच्या सुभेदाराची मुदत मी चार वर्षांची ठेवली. रुजू झाल्या दिवशी त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जागी आलेल्या माणसाच्या हातात पडतं. त्यामुळे तिथला खरा धनी दफ्तरदार आहे. तो स्थानिक आहे, त्याची बदली होत नाही, आणि जुना हुकूम कोणत्या रुमालात बांधलाय हे फक्त त्याला ठाऊक असतं. तुमच्या प्रांतातही असा न हलणारा माणूस कोण, ते आधी शोधा.

सावकाराची डाक मात्र सरकारी डाकेहून वेगळी ठेवा. पानिपतचा निकाल १७६१ च्या जानेवारीत माळव्यात असलेल्या नानासाहेब पेशव्यांना कळला तो एका सावकारी पत्रातून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. पैलकाठमध्ये तख्त पालटल्याची बातमी सुभेदाराच्या आधी तिथला मुख्य माल असलेल्या शेवाळाच्या दलालाला लागते. मधल्या दोन महिन्यांत तो काय काय खरेदी करतो, यावर माझी एक अख्खी कथा उभी आहे.

लोक तिथे कशाला गेले?

'नवी क्षितिजं शोधायला' हे उत्तर लिहू नका. सैबेरियात रशियन लोक सेबल या दाट केसांच्या छोट्या प्राण्याच्या कातड्यांसाठी गेले. येरमाक या कोसॅक सरदाराच्या टोळीनं १५८० च्या दशकाच्या सुरुवातीला उरल ओलांडला आणि १६३९ मध्ये रशियन माणूस पॅसिफिकच्या किनाऱ्यावर उभा होता. एवढी घाई होण्याचं कारण साधं होतं: एका खोऱ्यातले सेबल संपले की पुढचं खोरं गाठावं लागे. माल वजनाला हलका, किमतीला भारी आणि संपणारा. या तीन गुणांचा माल तुमच्या प्रांताला द्या, म्हणजे सीमा आपोआप पुढे सरकत राहील.

मी हा माल ठरवण्याआधी खगोलशास्त्राला विचारलं. केंद्रापासून बाहेर जावं तसं ताऱ्यांमधलं लोह, सिलिकॉन यांसारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण सरासरीनं घटत जातं, कारण बाहेर ताऱ्यांच्या पिढ्या कमी होऊन गेलेल्या असतात. म्हणजे पैलकाठ हा लोखंडाच्या दुष्काळाचा मुलूख. तिथे जहाज मोडीत निघतं तेव्हा लिलावाला तीन ग्रहांवरून माणसं येतात. नांगराचा फाळ हुंड्यात देतात. आत जाणारा माल म्हणजे लाल खुज्या ताऱ्याच्या उजेडात वाढणारं रातशेवाळ, राजधानीत औषधाला लागणारं. ते एका जागी दोन पिढ्यांत खरवडून संपतं.

लाल खुजे तारे आकाशगंगेत सर्वांत जास्त आहेत, तेव्हा सीमेवरची वसाहत बहुधा अशाच एखाद्या ताऱ्याभोवती असणार. अशा थंड ताऱ्याची ऊब मिळायला ग्रहाला फार जवळ राहावं लागतं, आणि मग त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली राहण्याची शक्यता मोठी. एकीकडे न मावळणारा दिवस, दुसरीकडे न संपणारी रात्र. माणसं राहणार मधल्या अरुंद पट्ट्यात. पैलकाठातल्या माझ्या 'खारवट' नावाच्या ग्रहावर त्याला तिन्हीसांजपट्टा म्हणतात. सगळी शेती, सगळी गावं एका ओळीत, रस्ता एकच. अशा जागी शिवेचं भांडण किती चिवट होईल, हे कोकणातल्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

कौल कोणत्या अटींवर दिला?

हा भाग सगळ्यांत मोलाचा, आणि कथालेखक इथेच घाई करतात. ओसाड मुलूख वसवायचा तर आपल्याकडे रयतेला इस्ताव्याचा कौल देत. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरवर्षी चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुरा धारा. सरकारला पडीक जमीन लागवडीला आलेली हवी असे, रयतेला सुरुवातीची वर्षं तग धरायला सवड हवी असे. सीमेवरचा माणूस आणि राजधानी यांच्यातला पहिला करार असाच असतो. तो कलमवार लिहा: किती वर्षं माफी, कोणत्या मापाची जमीन, बैलांऐवजी काय, बियाणं कुणाचं, मुदतीत पळून गेला तर काय.

आणि वर्ष म्हणजे किती, हे लिहायचं मुद्दाम विसरा. मोडी कागदांवर तारखेचे प्रकार इतके असतात की नवशिका वाचणारा तिथेच अडतो. शालिवाहन शक असतो, हिजरी चांद्रतिथी असते, राज्याभिषेक शक असतो, आणि सुहूर सन तर अरबी अंकनामांत लिहिलेला असतो. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे ११७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७१-७२ येतो, आणि ते वर्ष मृगाला बदलतं. एका गावाच्या एकाच तंट्यात दोन पक्ष दोन कालगणना घेऊन उभे राहू शकतात.

प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याला सर्वांत जवळच्या लाल खुज्या ताऱ्याभोवतीचा जो ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाला, त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं आहे. खारवटचं वर्ष मी तेवढंच ठेवलं. राजधानीचं वर्ष स्पंदक ताऱ्यांच्या (पल्सारच्या) नियमित ठोक्यांवर मोजलं जातं. मी जुन्नरकडची, खोडदच्या महारेडिओ दुर्बिणीनं स्पंदकांचे ठोके टिपतात हे लहानपणापासून ऐकत आले, म्हणून ते घड्याळ मला जवळचं वाटलं. आता पैलकाठच्या पहिल्या कौलात लिहिलंय: 'तीस वर्षे सारा माफ.' पहिल्या फेरीच्या, म्हणजे सर्वांत आधी येऊन वसलेल्या लोकांनी ती राजधानीची तीस वर्षं धरली. चाळीस वर्षांनी आलेल्या एका सुभेदाराच्या कारकुनानं ती खारवटची तीस वर्षं ठरवली, म्हणजे ३३६ दिवस, आणि एकोणतीस वर्षांची थकबाकी काढली. पैलकाठचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो. बंड, सुभेदाराचा खून, दफ्तराला लागलेली आग, सगळं याच्याच पोटी आलं.

आता महजर लिहायला बसा

वतनाचा वाद गोतसभेपुढे येई तेव्हा वादी-प्रतिवादी आपापला करीना सांगत: आमचा मूळ पुरुष कोण, तो कुठून आला, त्याला वतन कुणी दिलं, मधल्या धामधुमीत कागद कसे गेले. मग साक्षी होत, निवाडा होई आणि त्याचा महजर लिहून त्यावर हजर लोकांच्या निशाण्या पडत. लिहिता न येणारा पाटील नांगर काढी. ज्याच्या त्याच्या धंद्याचं हत्यार हीच त्याची सही. कधी पुरावा तुटला तर दिव्य करावं लागे, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचं.

हाच साचा घ्या. पहिल्या फेरीवाले मिराशीचा, म्हणजे जमिनीवरचा वंशपरंपरागत हक्क सांगतायत, नंतर आलेले उपरी, म्हणजे बाहेरचे कुळवाडी, म्हणतायत की कसणारे आम्ही. दोन्ही करीने स्वतंत्र लिहा, प्रत्येकी दोन पानांचे, आणि तेच प्रसंग दोन्हींत येऊ द्या. एकाच्या करीन्यात 'दुष्काळ पडला म्हणून खालच्या वाडीचे लोक निघून गेले' असं असेल, तर दुसऱ्याच्या करीन्यात तेच लोक हाकलले गेलेले असतील. खरं काय ते तुम्ही ठरवून वहीत वेगळं लिहून ठेवा, पण महजरात घालू नका. वाचकाला दोन करीन्यांच्या फटीतून ते दिसायला हवं.

तारखा थोड्या ठेवा, पिढ्या आणि आपत्ती जास्त. माणसं 'मोठ्या वाऱ्याच्या आधी', 'लोखंड आलं त्या साली' असं बोलतात. हरवलेल्या कागदाचं कारण दोन्ही पक्षांना द्या, आणि ते पटण्यासारखं असू द्या. साक्षीदारांचा क्रम नीट ठरवा, कारण बसण्याच्या मानावरून तिथली उतरंड कळते. निशाण्याही ठरवा: शेवाळवाल्याची खरवडणी, जहाजमोड्याचा हातोडा, पाणक्याची नळी. या तीन चित्रांवरून त्या गावाची आर्थिक घडी वाचकाला समजते.

एक साक्षीदार मात्र न विसरता बोलवा: आधीपासून तिथे असलेले लोक. दफ्तरात 'बेचिराग', म्हणजे ओसाड, म्हणून नोंदलेल्या गावाच्या रानात कुणाची तरी गुरं चरत असतात, कुणीतरी मध काढत असतं. सैबेरिया रिकामा नव्हता. याकूत, एवेंक, युकागीर अशा लोकांकडून कातड्यांचा यासाक, म्हणजे खंडणी, वसूल केला जाई आणि तो चुकू नये म्हणून त्यांची माणसं ओलीस ठेवली जात. खारवटवर कौलाच्या आधी दोनशे वर्षं चुकलेल्या जहाजांतून आलेली माणसं राहत होती. महजरात त्यांची साक्ष आहे, पण निशाणी नाही; कारकुनानं ती घेतलीच नाही. त्या मोकळ्या जागेबद्दल मी कथेत एक शब्दही बोलत नाही, पण प्रत्येक वेळी महजर उलगडताना ती जागा दाखवते.

या जड कागदाबरोबर एक हलका कागद जोडा. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा ठाण्यात १९७३ पासून लाकडी पातळ पट्ट्यांवरची रोमन पत्रं सापडत गेली. त्यांपैकी एकात कुणीतरी कुणाला मोजे, सँडल आणि आतले कपडे पाठवल्याचं लिहिलंय. साम्राज्याच्या उत्तर टोकाची थंडी त्या पत्रातून जेवढी कळते तेवढी मोठ्या शिलालेखातून कळत नाही. पैलकाठसाठी मी एका शिपायाच्या आईची यादी लिहिली; तिनं पाठवलेल्या वस्तूंतल्या निम्म्या लोखंडाच्या आहेत आणि वाटेत काढून घेतल्या जाऊ नयेत म्हणून लाडवांत दडवल्यात.

दरबारी इतिहास सर्वांत शेवटी

प्रांताचा थाटाचा, वंशावळीसकट इतिहास लिहायचाच तर तो कुणी, कुठे, कोणत्या अडचणीत लिहवून घेतला ते आधी ठरवा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, तो १८०३ चा. ज्या सरफोजी राजांनी तो कोरवला, त्यांच्या हातून राज्याचा कारभार १७९९ च्या तहानं इंग्रजांकडे गेलेला होता. मूळ मुलखापासून इतक्या दूर, तमीळ देशात, सत्ता हातची गेल्यावर, चोळांच्या देवळावर मराठी अक्षरं. मला हा शिलालेख फार जवळचा वाटतो. आपण कोण होतो हे दगडात सांगण्याची निकड ज्यांना वाटते, त्यांच्यावर काय बेतलेलं असतं ते त्यातून उमगतं.

माझ्या पैलकाठात हा ग्रंथ आगीनंतर दफ्तरदाराच्या नातीनं लिहिला. मूळ कागद जळालेले, म्हणून तिनं आजोबांच्या तोंडून ऐकलेलं लिहिलं आणि त्यात आजोबांना थोडं मोठं केलं. तीस वर्षांच्या कलमाबद्दल ती लिहिते की कौलात राजधानीचंच वर्ष नमूद होतं. वाचकानं महजराची जी प्रत वाचली, तिच्यात तसं नाही. कथेत मी दोन्ही उतारे पाठोपाठ ठेवते, खुलासा न करता.

सगळं रचून झालं की वहीत पन्नासेक पानं साचतात. त्यातला महजर, ती यादी आणि ग्रंथाचा एक उतारा एवढंच छापायला द्या. बाकी वही जवळ ठेवा. पुढच्या अंकासाठी पैलकाठची दुसरी कथा लिहाल तेव्हा ग्रहाचं वर्ष, डाकेचा वेळ आणि कौलाची कलमं त्या वहीशी पडताळून घ्यावी लागतील.